स्ताफेत्तांच्या वाटेनं : बोलोन्या ते सेनिओ, पाच दिवस

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं दोस्तराष्ट्रांशी युद्धबंदी जाहीर केली आणि पुढच्या काही दिवसांत जर्मन फौजांनी अर्धाअधिक देश ताब्यात घेतला. मुसोलिनीचं नवं फॅसिस्ट सरकार त्यांच्याच आधारानं उत्तरेत उभं राहिलं. त्याविरुद्ध एप्रिल १९४५ पर्यंत जो भूमिगत लढा चालला, त्यात सुमारे ३५,००० स्त्रियांना लढवय्या पार्तिजान, म्हणजे भूमिगत सैनिक, म्हणून मान्यता मिळाली. नोव्हेंबर १९४३ मध्ये मिलानमध्ये सुरू झालेल्या 'स्त्री-संरक्षण गटां'त आणखी ७०,००० जणी होत्या.

या बायकांसाठी इटालियनमध्ये एक शब्द कायम वापरला जातो : स्ताफेत्ता. मूळ अर्थ टप्प्याटप्प्यानं निरोप पोचवणारा जासूद. हा प्रवास त्यांच्या मुलखातला आहे, म्हणजे बोलोन्यापासून आग्नेयेला जाणाऱ्या जुन्या रोमन 'एमिलिया' रस्त्याचा आणि त्याच्या उत्तरेला समुद्रापर्यंत पसरलेल्या सपाट प्रदेशाचा. डोंगर नाही, रान नाही. लपायला जागा नसलेल्या मैदानात भूमिगत लढा कसा चालला, याचं उत्तर इथल्या सायकलींत आणि शेतघरांत आहे. जायला एप्रिलचा शेवट उत्तम. २१ एप्रिल हा बोलोन्याच्या आणि २५ एप्रिल साऱ्या देशाच्या मुक्तीचा दिवस, त्यामुळे एरवी बंद असणाऱ्या जागाही त्या सुमारास उघडतात. ऑगस्टमध्ये ऊन फार आणि रावेन्नाकडे डास. नोव्हेंबरात धुकं असं की रस्त्याच्या पलीकडचं दिसत नाही.

दिवस पहिला : बोलोन्या, नेत्तूनो चौक ते पोर्ता लामे

स्टेशनातून बाहेर पडून इंदिपेन्देन्झा रस्त्यानं सरळ वीस मिनिटं चाललं की नेत्तूनो चौक येतो. कारंज्याच्या बाजूला पालाझ्झो दाक्कूर्सिओची भिंत आहे. याच भिंतीशी फॅसिस्ट माणसं उभी करून गोळ्या घालत, प्रेतं तशीच ठेवत, आणि वर 'पार्तिजानांची विश्रांतीची जागा' अशी टवाळी लिहीत. २१ एप्रिल १९४५ ला शहर सुटलं, त्याच दिवशी बायकांनी भिंतीखाली फुलं ठेवली आणि आपापल्या माणसांचे फोटो डकवले. आज तिथे दिसणाऱ्या चिनीमातीवरच्या दोन हजारांहून जास्त छोट्या तसबिरींची सुरुवात त्या कागदी फोटोंपासून झाली. घाईनं पाहिलं तर सगळे चेहरे पुरुषांचेच वाटतात. एकेक ओळ धरून पाहायला हवं, म्हणजे मग मधे मधे मुली दिसू लागतात. भांग काढलेल्या, कुणी लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेल्या असाव्यात अशा, कुणी शाळेतल्या वाटाव्यात अशा.

भिंतीवर आकडे आहेत : बोलोन्या प्रांतात १४,४२५ पार्तिजान, त्यांपैकी २,२१२ स्त्रिया. पडलेल्या स्त्रिया १२८. हे आकडे वाचताना एक गोष्ट माहीत असलेली बरी. २१ ऑगस्ट १९४५ च्या ५१८ क्रमांकाच्या हुकुमानं 'लढवय्या पार्तिजान' कोण ते ठरवलं. सशस्त्र तुकडीत किमान तीन महिने आणि किमान तीन कारवायांत भाग, अशी सर्वसाधारण अट होती. जिनं दीड वर्ष घरात माणसं लपवली, त्यांना खाऊ घातलं, त्यांचे रक्ताचे कपडे धुतले, ती या मोजणीत बसेलच असं नाही. शिवाय अनेकींनी अर्जच केला नाही. घरी परतल्यावर 'रात्रीबेरात्री पुरुषांबरोबर होती' ही कुजबुज नको, हेही त्यामागचं एक कारण. म्हणून २,२१२ ही खालची हद्द समजावी.

दुपारी सांत'इसाया रस्त्यावरच्या वीस क्रमांकात प्रतिकार-संग्रहालय पाहावं. जागा लहान आहे, दीड तास पुरतो. वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. तिथून उत्तरेला चालत पंधरा-वीस मिनिटांवर पोर्ता लामे, जुन्या तटाची एक वेस. वेशीजवळ लुचानो मिन्गुझ्झी यांनी घडवलेले दोन ब्राँझचे पुतळे आहेत, एक पार्तिजान (पुरुष) आणि एक पार्तिजाना (स्त्री). याच शहराच्या क्रीडांगणात मुसोलिनीचा अश्वारूढ पुतळा होता, तो वितळवून आलेलं हे ब्राँझ आहे.

१९४४ च्या शरदात दोस्तफौजा डोंगराच्या अलीकडे येऊन ठेपल्या होत्या. आठवड्याभरात शहर घेतील या हिशेबानं पार्तिजानांनी शेकडो माणसं आत आणून ठेवली. पंचाहत्तरेक जण जुन्या कत्तलखान्यालगत, दोनशेवर जण बाँबनं उद्ध्वस्त झालेल्या मोठ्या इस्पितळाच्या अवशेषांत. शहराचा मधला भाग 'श्पेरत्सोने', म्हणजे बंदिस्त पट्टा, जाहीर झाला होता आणि वेशीवेशीवर तपासणी होती. एवढ्या माणसांची शस्त्रं, भाकरी, निरोप हे सगळं त्या तपासणीतून आत आलं, आणि ते आणण्यात बायकांचा मोठा वाटा होता. ७ नोव्हेंबरच्या पहाटे कत्तलखान्याजवळची जागा सापडली आणि दिवसभर लढाई झाली. इस्पितळातली माणसं श्वास रोखून बसली आणि संध्याकाळी वेढा घालणाऱ्यांवरच मागून तुटून पडली. बारा पार्तिजान पडले, बाकीचे निसटले.

खरी अडचण पुढे आली. १३ नोव्हेंबरला इटलीतल्या दोस्तफौजांचे सेनापती जनरल अलेक्झांडर यांचा संदेश रेडिओवरून आला : हिवाळा आहे, मोठ्या कारवाया थांबवा. म्हणजे शहरात शिरलेल्या शेकडो माणसांना आता पाच-सहा महिने कुठेतरी दडवायचं होतं. ती घरं शोधणं, दर थोड्या दिवसांनी बदलणं, रेशन कार्ड नसलेल्या तोंडांना जेवण पुरवणं, हे काम बहुतांशी बायकांकडे आलं. पुतळ्यातल्या पार्तिजानाच्या हातात बंदूक दिसते, पण त्या हिवाळ्याचं शहर पिठाच्या पिशवीवर टिकलं होतं.

दिवस दुसरा : मेलोन्चेल्लो आणि व्हिल्ला स्पादा

सारागोझ्झा वेशीतून सान लूका टेकडीकडे जाणारा कमानींचा झाकलेला रस्ता सुरू होतो. मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंत चालत जावं किंवा वीस क्रमांकाची बस घ्यावी. चालणंच बरं, कारण इथे इर्मा बांदिएराचा रस्ता आहे.

इर्माचा जन्म १९१५ चा, खाऊनपिऊन सुखी घरातली. टोपणनाव 'मिम्मा'. सातव्या गाप तुकडीसाठी, म्हणजे शहरातल्या छोट्या सशस्त्र गटांसाठी ती काम करत होती. ७ ऑगस्ट १९४४ ला शहराच्या उत्तरेला फूनो इथे ती पकडली गेली. शस्त्रं पोचवून झाली होती, पण जवळ सांकेतिक कागद होते. सहा दिवस-रात्र तिचे हाल केले, तिला आंधळं केलं. तिनं एकही नाव सांगितलं नाही. १४ ऑगस्टला मेलोन्चेल्लोजवळ, आईवडिलांच्या घराच्या परिसरातच, तिला गोळ्या घालून रस्त्यावर टाकून दिलं. तिला मरणोत्तर सुवर्णपदक मिळालं. त्या लढ्यातली सुवर्णपदकं स्त्रियांच्या वाट्याला एकोणीसच आली आहेत.

तिच्या पकडण्यातून या कामातलं एक दुखणं कळतं. शस्त्र उतरवलं की धोका संपत नाही. परतीच्या वाटेवरचा कागद हत्याराइतकाच घातक, कारण हत्यारानं एकच माणूस अडकतो, कागदानं सगळी साखळी. म्हणूनच शक्य तिथे निरोप तोंडपाठ असे, आणि लिहिलेला असेल तर तो गिळता येईल इतक्या पातळ कागदावर. यादी, पत्ते, शस्त्रांचे आकडे मात्र पाठ होत नाहीत, आणि तिथेच घात होतो.

कमानीपासून थोड्या अंतरावर व्हिल्ला स्पादाची बाग. तिच्या उतारावर १२८ स्त्रियांचं स्मारक १९७५ मध्ये उभारलं. पुतळा नाही, चौथरा नाही. उताराबरोबर चढत जाणारी भिंत आणि तिच्यावर नावं. इथे घाई करू नये. एकाच आडनावाच्या दोघी-तिघी सापडतात, मग कळतं की काही घरांतून एकच बळी गेलेला नाही.

दिवस तिसरा : सायकल, आणि इमोलाचा चौक

आज सायकल भाड्यानं घ्यावी. खुद्द एमिलिया रस्त्यावर मात्र चालवू नये. ट्रकांची रहदारी जीवघेणी आहे आणि कडेला पुरेशी जागा नाही. उत्तरेकडच्या शेतांतल्या गल्ल्यांनी जावं. इमोला साधारण ३५ किलोमीटर आहे. दमलात तर प्रादेशिक गाडीत सायकलीचं वेगळं तिकीट काढून चढवता येते, अर्ध्या तासात पोचता.

सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना पाण्याचे चर, लांबवर एखादं शेतघर. तीन-चार किलोमीटर गेल्यावर लक्षात येतं की इथे माणूस दुरूनच दिसतो आणि नाक्यावरच्या शिपायालाही तो तसाच दिसतो. नाका पाहून मागे वळलात की संशय पक्का. वळायचं तर तो दिसण्याआधी, आणि सपाटीवर तशी जागाच नसते. म्हणून स्ताफेत्ता वेग न बदलता पुढेच जात असे.

हे काम बायकांकडेच का आलं, तेही इथेच समजतं. भरतीच्या वयाचा पुरुष दिवसा रस्त्यावर दिसला की धरपकड ठरलेली, एकतर सैन्यात नाहीतर जर्मनीत मजुरीला. रात्री संचारबंदी. म्हणजे दिवसा मोकळेपणी फिरणार त्या बायकाच. त्यात बाँबहल्ल्यांमुळे निम्मं शहर खेड्यांत राहायला गेलेलं, पीठ, अंडी, जळण आणायला सायकलवरून रोज शेकडो जणी जात-येत. त्या गर्दीत अठरा वर्षांची मुलगी सहज मिसळून जाई.

सायकल जवळून पाहावी. बैठकीखालचा पाना-बोल्ट सैल केला की दांडा वर निघतो आणि खाली चौकटीची पोकळ नळी उघडी पडते. कागद लपवण्याची ती एक नेहमीची जागा. सुरळी बारीक हवी, आणि तिला दोरा हवा, कारण दोरा नसेल तर ती तळाशी पेडलांच्या खोबणीपर्यंत घसरते आणि मग पेडल उतरवल्याशिवाय निघत नाही. दांडा परत बसवताना तो गंजाच्या जुन्या रेघेपर्यंतच खाली जायला हवा. वर राहिला तर चकाकणारा नवा पट्टा दिसतो, आणि चौकस शिपायाचं तेवढ्यावरच लक्ष जातं. दुसऱ्या जागा म्हणजे पिशवीचा दुहेरी तळ, भाजीची टोपली, चोळी, कंबरपट्टा, केसांचा अंबाडा.

शस्त्रांचं गणित वेगळं. विमानातून टाकल्या जाणाऱ्या स्टेन बंदुकीची लांबी ७६ सेंटीमीटर, वजन सुमारे सव्वातीन किलो. ती नळी, दस्ता आणि मधला भाग अशी सुटी होते, म्हणून बाजाराच्या पिशवीत मावते. तिच्या गोळीचं वजन बाराएक ग्रॅम, म्हणजे शंभर गोळ्या सव्वा किलोच्या आसपास. पण घात वजनानंच होतो. वर पालेभाजी आणि हँडल मात्र एका बाजूला ओढलेलं, हे डोळ्यांना खटकतं. बटाटे किंवा बीट वर असले तर जड पिशवीला कारण सापडतं. चार टोकांचे खिळेही याच पिशव्यांतून जात. दोन खिळे वाकवून जोडले की ते कसेही पडोत, तीन टोकं जमिनीवर आणि चौथं वर. एमिलिया रस्त्यावर रात्री ते पसरले की जर्मन ट्रकांची रांग पहाटेपर्यंत अडकून पडे, आणि उजेडात विमानांना सापडे.

तुकडी जागा बदलणार असेल तर स्ताफेत्ता आधी पुढे जाई, गावात शिरून पाही आणि खूण देई. जखमी हलवायचा असेल तर त्याच्या हातात हात घालून, प्रेमी युगुल असल्यासारखी. भेटीची वेळ चुकली तर थांबायचं नाही. उशीर म्हणजे पकडला गेला, असंच धरून चालायचं आणि निघून जायचं. साखळीतला मागचा आणि पुढचा दुवा एवढंच तिला ठाऊक, तेही टोपणनावानं. आणि तिच्याजवळ स्वतःच्या बचावासाठी बहुधा काहीच नसे. हत्यार सापडलं की सगळं सोंग संपतं, म्हणून ते न बाळगणंच शहाणपणाचं. डोंगरातल्या माणसाजवळ बंदूक आणि सोबती असत, ही मुलगी नाक्यावर एकटी उभी असे. 'मदतनीस' हा शब्द तिच्यासाठी अजून वापरला जातो, तो बंद व्हायला हवा.

उन्हाळ्यात या शेतांत अंबाडीसारखं उंच, धाग्यासाठी लावलेलं हेम्पचं (भांगेच्या जातीचं) पीक असे आणि त्यात माणसं लपत. ऑगस्टमध्ये कापणी झाली की मैदान उघडं. मग उरत ती शेतघरं : गोठ्याच्या गव्हाणीखाली खणलेला खड्डा, गवताच्या गंजीतली पोकळी. धूर जास्त निघाला, वाळत घातलेले कपडे मोजून जास्त भरले, कुत्रं भुंकलं नाही, एवढ्यावरूनही घर उघडं पडू शके. बाईचं लक्ष सतत या गोष्टींवर.

इमोलात पोचल्यावर मात्तेओत्ती चौकात जावं. २९ एप्रिल १९४४ ला इथे बायका भाकरीसाठी आणि युद्ध थांबवण्यासाठी जमल्या. फॅसिस्टांनी गोळीबार केला. मारिया झानोत्ती ठार झाली, लिव्हिया व्हेन्तुरिनी पुढे जखमांनी गेली. दोघींची आठवण चौकात जपली आहे. हे मोर्चे आपोआप होत नसत. आदल्या दिवशी रांगेत, धुण्याच्या घाटावर, भाताच्या खाचरात बेणणी करणाऱ्या 'मोन्दिने' मजूरबायकांत निरोप फिरत असे, म्हणजे पुन्हा तीच सायकल.

दिवस चौथा : फोर्ली

इमोलाहून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. साफ्फी चौकात दिव्यांचे खांब पाहावेत. १८ ऑगस्ट १९४४ ला डोंगरातल्या एका घराला वेढा पडला तेव्हा सिल्व्हिओ कोर्बारीच्या टोळीतली एकवीस वर्षांची इरिस व्हेर्सारी पायाच्या जखमेमुळे पळू शकत नव्हती. सोबती तिला सोडून जाईनात. त्यांना निघून जाता यावं म्हणून तिनं स्वतःला संपवलं. तरीही ते वाचले नाहीत. तिचं प्रेत आणि तिच्या सोबत्यांची प्रेतं इथे आणून या खांबांना टांगली गेली. शहर त्याच वर्षी मार्चमध्ये एकदा पेटलं होतं. भरतीला न गेलेल्या तरुणांना गोळ्या घातल्यावर कारखान्यांतल्या बायका बराकीवर चालून गेल्या होत्या.

दुपारी रावेन्नाच्या रस्त्याला लागून असलेल्या भारतीय सैन्याच्या दफनभूमीत जावं. इथे मुसलमान सैनिकांच्या कबरी आहेत आणि दहन झालेल्या हिंदू-शीख सैनिकांसाठी वेगळं स्मारक आहे. इटलीतल्या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. नायक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात लढताना वीरमरण आलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती जागा इथून दूर, उंब्रियात आहे. दुसरे मराठा मात्र उद्याच्याच वाटेवर आहेत.

दिवस पाचवा : रावेन्नाचा पूल आणि सेनिओचा बांध

सकाळी रावेन्ना. मोझाइक पाहायला जगभरातून लोक येतात. त्या गर्दीतून बाहेर पडून शहराच्या कडेच्या हुतात्मा पुलावर यावं. २५ ऑगस्ट १९४४ ला इथे बारा जणांना मारलं. दहांना गोळ्या घातल्या, दोघांना फाशी : उंबेर्तो रिच्ची आणि नातालिना व्हाक्की. नातालिना कामगार होती, बायकांचे संप आणि निदर्शनं उभी करणारी. दोघांना शेजारी शेजारी टांगलं. पुलावरून आज रहदारी जाते. कठड्याशी थांबून पाटी वाचायला पाच मिनिटं लागतात.

उत्तरेच्या खाजणांत, पियालास्सात, स्पिनारोनी नावाचं बेट आहे. आर्रिगो बोल्द्रिनी, टोपणनाव 'बुलो', यांच्या २८ व्या ब्रिगेडचा तो तळ होता. डोंगराऐवजी मैदानातच लढायचं, हा त्यांचा आग्रह. तो शक्य झाला तो मागच्या शेतघरांतल्या बायकांमुळे. बेटावर होडीनंच जावं लागतं आणि फेऱ्या रोज नसतात.

रावेन्ना ४ डिसेंबर १९४४ ला सुटलं आणि आघाडी सेनिओ नदीवर अडली. चार महिने ती तिथेच राहिली. नदीच्या पूर्वेला मोकळा इटली, पश्चिमेला जर्मन. १ फेब्रुवारी १९४५ ला मुक्त भागातल्या सरकारनं स्त्रियांना मताचा हक्क देणारा हुकूम काढला, तेव्हा बोलोन्याच्या बायका अजून नाक्यांवर पिशव्या उघडून दाखवत होत्या. आल्फोन्सिनेच्या सेनिओ-युद्ध संग्रहालयात हे चार महिने नीट मांडले आहेत. गाव रावेन्ना-फेर्रारा रेल्वेवर आहे.

तिथून लुगो, आणि लुगोहून सायकलनं सान पोतितोकडे. सेनिओ प्रथम पाहणाऱ्याला फसवते. पाणी जेमतेम पंधरा फूट रुंद, चार-पाच फूट खोल, आणि दोन्ही बाजूंना तीस-पस्तीस फुटांचे सरळ चढाचे बांध. जर्मनांनी हे बांध आतून पोखरून मोर्चे केले होते, पाण्याच्या कडेला सुरुंगांचा पट्टा. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी, सान पोतितोच्या उत्तरेला, मराठा पलटणीची एक कंपनी इथे उतरली. पुढच्या टोळीतले बाकीचे मारले गेले आणि कंपनी कमांडर धरून तिघे जखमी झाले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणलं. मग मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबाँबनं आणखी दोन ठाणी संपवली, बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठा युद्धघोष केला आणि बाकीच्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या नोंदीत त्यांचं काम एका शब्दात दिलं आहे : कंपनीचा 'रनर', निरोप्या. इटालियनमध्ये त्याला स्ताफेत्ता म्हणतात.

बांधाच्या माथ्यावरून खडीची वाट जाते. पाऊस पडून गेला असेल तर सायकल हातात धरून चालावं, कडा घसरते. पश्चिमेला, नदीपलीकडे, बोलोन्याकडे जाणारा तोच सपाट मुलूख दिसतो. नामदेव जाधवांच्या पलटणीनं नदी ओलांडली त्यानंतर बारा दिवसांनी बोलोन्याच्या बायका नेत्तूनो चौकातल्या भिंतीशी फोटो घेऊन आल्या.